म्हैसूरचा संग्राहक राजा

बंगळुरास नेमणूक होऊन आलेल्या मराठी माणसाला जयनगर फार दिवस अपरिचित राहत नाही. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग असलेल्या या वसाहतीचा पाया १९४८ साली, चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल असताना, त्यांच्या हस्ते घातला गेला. 'विजयाचे नगर' असा या नावाचा सरळ अर्थ. पण म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वोडेयर यांच्यावरून ते पडले, असे मानणारेही पुष्कळ आहेत. हे दुसरे मत खरे असेल, तर ही वसाहत आपल्या काळच्या एका थोर ध्वनिमुद्रिका-संग्राहकाचे नाव वागवीत आहे. जुन्या तबकड्या आणि उंची ध्वनियंत्रे जमविण्याचा छंद आज पुन्हा वाढत आहे. तो जाणत्याच्या हाती पडला म्हणजे काय घडू शकते, हे या राजाच्या चरित्रात पाहण्यासारखे आहे.

म्हैसूर दरबाराचा तबकडीशी ऋणानुबंध त्याच्याही आधीचा. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीतून उच्चारीत असे. याच गौहरजानला चौथ्या कृष्णराज वोडेयरांनी १९२८ साली आश्रय दिला आणि १९३० च्या जानेवारीत म्हैसुरातच तिचे देहावसान झाले. जयचामराजेंद्र हे या कृष्णराजांचे पुतणे. चुलत्याने गायिकेला आश्रय दिला. पुतण्याने तोच आश्रय तबकडीला दिला.

१९१९ साली जन्मलेले जयचामराजेंद्र १९४० साली गादीवर आले. पियानोचे त्यांचे शिक्षण शास्त्रशुद्ध होते; पुढे कर्नाटक संगीतात त्यांनी ९४ कृती रचल्या. लंडनच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायातील मातब्बर निर्माते वॉल्टर लेग म्हैसुरास येऊन राहिले होते. महाराजांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. गंभीर संगीताच्या ध्वनिमुद्रिकांनी भरलेले ग्रंथालयासारखे दालन, निरनिराळ्या घडणीचे ध्वनिक्षेपक आणि मैफलीचे मोठे पियानो त्यांनी राजवाड्यात पाहिले, आणि ते चकित झाले. या संग्रहात सुमारे २०,००० तबकड्या असाव्यात, असा त्या काळचा अंदाज होता.

एवढ्यावरच गोष्ट थांबती, तर आम्ही तिला राजेशाही हौस म्हणून सोडून दिले असते. धनिकांचे संग्रह जगात उदंड. परंतु महाराजांना जे ऐकावयाचे होते, त्यातील काही बाजारात मिळतच नव्हते. निकोलाय मेटनर हा रशियन रचनाकार वृद्धापकाळी लंडनमध्ये जवळजवळ विस्मृतीत जगत होता. त्याचे संगीत छापून कोणा कंपनीला नफा होणार नव्हता. महाराजांनी पैसा पुरविला. मेटनर सोसायटी निघाली आणि वृद्ध मेटनरने स्वतः पियानोवर बसून आपले तिन्ही कॉन्सर्टो ध्वनिमुद्रित केले. तिसरा कॉन्सर्टो त्याने महाराजांना अर्पण केला. १९५१ साली तो वारला. आणखी चार वर्षे उशीर झाला असता, तर रचनाकाराच्या स्वतःच्या हातचे हे वादन जगाला कधीच ऐकू आले नसते.

रिचर्ड श्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांची हकीकतही अशीच. श्ट्राउस १९४९ साली वारला. पुढच्या वर्षी २२ मे रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्स्टन फ्लागश्टाट या गायिकेने ती प्रथम गाइली. त्या मैफलीला महाराजांनी हमी दिली होती. त्यांची इच्छा एवढीच, की गाणे मुद्रित होऊन आपल्या संग्रही यावे. ते स्वतः हजर नव्हते. तबकड्या म्हैसुरास धाडण्यात आल्या. त्या रात्रीचे मुद्रण सदोष व खरखरीत असले, तरी आज उपलब्ध आहे.

हे वाचताना आम्हां मराठी माणसांना एक सल जाणवल्यावाचून राहत नाही. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ म्हैसूर दरबारीही गात. ते १९३७ साली गेले. पण तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून त्यांचा सूर आजही घरोघर ऐकू येतो. उलट अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत मुंबईत हयात होते, ध्वनिमुद्रणाची साधने हाताशी होती, आणि तरीही त्यांच्या गळ्याची एकही तबकडी आपणांपाशी नाही. त्यांची गायकी कळावयाची ती केसरबाई, मोगूबाई यांच्या गाण्यावरून. नाही म्हणणाऱ्या कलावंताचे मन वळविणारा, किंवा बाजार नाही म्हणत असता पदरचे पैसे घालणारा संग्राहक सर्वत्र निपजत नाही.

आपण कोणी राजे नव्हे. पण जे एकदा मुद्रित झाले, ते राखण्याचे काम सामान्य गृहस्थाच्याही आवाक्यात आहे. कंपन्यांच्या कोठारांत सारे शिल्लक आहे, ही समजूत भाबडी होय. कित्येक जुनी गाणी कोणा हौशी गृहस्थाच्या कपाटात टिकली म्हणूनच आज आपल्या कानी पडतात. मुंबईत १९९० साली निघालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशाच गृहस्थांनी उभारली. बदलीच्या नोकरीत मात्र सामान बांधताना पहिली कुऱ्हाड पडते ती वडिलांच्या तबकड्यांच्या पेटीवर. त्या जड, त्या ठिसूळ, आणि वाजवावयाचे यंत्रही बहुधा बिघडलेले!

त्या पेटीसाठी आम्ही दोन शब्द रदबदली करू इच्छितो. लाखेच्या तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. लाँग-प्लेची बारीक सुई त्यांवर चालवू नये. त्यांची खाच रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते. वेष्टणावर गायकाचे नाव आणि तबकडीचा क्रमांक टिपून ठेवावा. घरी जागाच नसेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एखाद्या जाणत्या संग्राहकाला यादी दाखवावी. महाराजांनी लंडनहून जे मागविले, ते मिळविण्यास राज्याची तिजोरी लागली. आपल्या माळ्यावर जे आहे, ते राखण्यास थोडी जागा आणि थोडी आस्था पुरे आहे.