मडगार्डवरचा ‘३०२’

* लेखकाने वर्णन केलेल्या १९६८च्या शेव्हरोले कॅमारोच्या पुढच्या मडगार्डवर ‘३०२’ हा बिल्ला आहे, ‘झेड/२८’ नाही. तेवढ्यावरून गाडी नकली ठरत नाही. झेड२८ हा मुळात कंपनीच्या ऑर्डर-फॉर्मवरचा एका पर्यायाचा क्रमांक. १९६७मध्ये तो घेतलेल्या ६०२ गाड्या निघाल्या. त्यांच्यावर हे नाव कुठेच नव्हते. १९६८च्या मॉडेलवर आधी इंजिनाचे घन इंच सांगणारा ‘३०२’ आला (ट्रान्स-ॲम शर्यतीची मर्यादा ३०५ होती, म्हणून हे माप) आणि उत्पादन निम्म्यावर आल्यानंतर त्याच्या जागी ‘झेड/२८’. तेव्हा बिल्ला तपासायचा तो गाडीच्या तारखेशी ताडून. फायरवॉलवरच्या पट्टीवर महिन्याचे दोन आकडे आणि आठवड्याचे अक्षर असते. तिथे ‘०१बी’ असून मडगार्डवर ‘झेड/२८’ झळकत असेल, तर तो मागाहून बसवला असण्याचीच शक्यता अधिक. बिल्ला बरोबर असला म्हणून गाडी अस्सल, असेही नाही. नव्या प्रती बाजारात सर्रास मिळतात, आणि चासी क्रमांकात झेड२८ची नोंदच नसते. कारखान्याने स्वतः लावलेले आकडेही काटेकोर असतात असे कुठे आहे? १९६४च्या पॉन्टियाक जीटीओवर ऐटीत ‘६.५ लिटर’ लिहिलेले आहे. तिचे ३८९ घन इंच जेमतेम ६.४ भरतात. लेखकाचा ‘३०२’ आम्ही बदललेला नाही. – संपा.