तंबोऱ्याला विचारा

नोव्हेंबर लागला की बीड जिल्ह्यातल्या गाण्याच्या शौकिनांचं लक्ष अंबाजोगाईकडे जातं. यशवंतराव चव्हाणांचा स्मृतिदिन 25 नोव्हेंबरला असतो. त्या निमित्ताने तिथे होणाऱ्या समारोहात कविता आणि शेतीवरच्या चर्चेसोबत शास्त्रीय संगीताचीही सभा असते. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावाला ते शोभतंही. पण अशा सभांमध्ये मुस्लिम श्रोते मोजकेच दिसतात. ‘हे आपलं नाही’ असं आपल्याच घरातले काही जण म्हणतात, आणि ‘हे तुमचं नाहीच’ असं बाहेरचे काही जण. दोघांनाही द्यायचं उत्तर मंचावरच असतं. गायकाच्या मागे लावून ठेवलेला तंबोरा पाहा.

महाराष्ट्रात चांगला तंबोरा म्हटलं की मिरजेचं नाव निघतं. 19 व्या शतकात संस्थानांच्या लढाया थंडावल्या आणि तलवारी, भाले घडवणाऱ्या शिकलगारांचं काम घटलं. मिरजेतल्या फरीदसाहेबांनी तेव्हा हत्यारं सोडून तंतुवाद्यं हाती घेतली. पुढे त्यांच्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. वाद्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूचा. विठोबाच्या मुलखात वाढलेला तो भोपळा मुसलमान कारागिराच्या हातून सुरात येतो आणि मग देशभर जातो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्यापुढे बसलेल्याची गायकी शोधत गेलो तरी वाट पुन्हा मिरजेलाच पोहोचते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. त्यांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि पुढे मिरजेत घर केलं. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. 1953 मध्ये भीमसेनांनी गुरूच्या नावाने पुण्यात महोत्सव सुरू केला. ऑक्टोबर 1937 मध्ये दक्षिणेच्या रेल्वे प्रवासात खाँसाहेबांचं निधन झालं, तरी त्यांना मिरजेतच आणलं गेलं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या काळात तिथे दरवर्षी संगीत सभा होते आणि सर्व धर्मांचे गायक-वादक तिथे हजेरी लावतात.

कोल्हापूरची कहाणीही अशीच आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मान दिला. खाँसाहेबांची अवघड गायकी गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी आत्मसात केली. त्यांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. शिष्याची जात किंवा धर्म या गुरूंच्या आड आला नाही. त्यांनी पाहिली ती मेहनत.

ही नावं घेताना ऊर भरून येतो, आणि तिथेच गफलतही होते. ‘आमचे खाँसाहेब’ म्हणणं सोपं आहे. त्यांची गायकी टिकवली ती बहुतांशी हिंदू शिष्यांनी, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा होता. त्यांनी पहाटे उठून रियाज केला. गाणं वाडवडिलांच्या जमिनीसारखं सातबाऱ्यावर चढत नाही. जो बसतो, ऐकतो, शिकतो, ते त्याचं होतं. फरीदसाहेबांच्या वारसांनीही नुसतं नाव सांगितलं असतं, तर मिरजेत आज एकही तंबोरा घडला नसता.

म्हणून एकच सुचवावंसं वाटतं. यंदा जिल्ह्यात जिथे गाण्याची बैठक असेल तिथे घरातल्या एखाद्या मुलाला, मुलीला सोबत न्या. मागच्या खुर्चीवर पाहुण्यासारखं बसू नका, पुढे सतरंजीवर बसा. राग ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. मध्यंतरात तंबोरा धरणाऱ्याजवळ जा आणि विचारा, ‘हा कुठला?’ ‘मिरजेचा’ असं उत्तर आलं, तर फरीदसाहेबांची गोष्ट त्या पोराला घरी जाताना सांगा.