दहा तारखेपर्यंतची उधारी

गिरणी कामगाराचा पगार महिना सरला म्हणून लगेच हातात पडत नसे. 1936च्या वेतन कायद्याने हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुदत दिली होती. म्हणजे एक तारखेला खाल्लेल्या भाकरीचे पैसे सुटायला चाळीस दिवस. गिरणगावात हे चाळीस दिवस भरून काढत होती खानावळवाली.

1856 साली ताडदेवला कावसजी दावर यांची सूतगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले पुरुष बायकामुलांना गावीच ठेवून येत. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तिथेच आडवी होत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि एक वळकटी. तिथे चूल मांडणार कोण? मग चाळीतलीच एखादी बाई दहा-बारा जणांचे दोन वेळचे जेवण बांधून घेई. पाळी सकाळी सातची असली, तर तिची चूल पहाटेच पेटलेली असे.

यातल्या अनेकींचा नवरा बदली कामगार होता, आजारी होता किंवा हयात नव्हता. त्यांना गिरणीचे दारही हळूहळू बंद होत गेले होते. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः रिळे आणि वाइंडिंग खात्यांत. पुढे नवी यंत्रे आली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, आणि 1929च्या प्रसूती कायद्याने मालकावर टाकलेला खर्च त्याला नकोसा होता. गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. स्वयंपाकाला मात्र गिऱ्हाईक कायम होते.

पण धंद्याचे गणित उफराटे होते. जेवणारा दहा तारखेला पैसे देणार, तोवर वाण्याकडून धान्य उधार. वाणी भाव चढा लावी, रोख हवी तर सावकार जबर व्याज घेई. नड मोठी असली की भांडी आणि दागिने गहाण पडत. संपाच्या काळात तर दोन्हीकडून कोंडी. 1928चा संप सहा महिने चालला. अशा वेळी जेवण थांबवावे तर गिऱ्हाईक तुटते, चालू ठेवावे तर वाणी दारात उभा. संप लढवायला निधी, सभा आणि पुढारी लागत, तशी ही उधारीही लागे. युनियनच्या हिशेबात मात्र ती कधी मांडली गेली नाही.

हा हिशेब प्रेमा पुरव यांनी मांडला. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत रुळलेल्या पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण तारण नसलेल्या बाईला बँकेच्या पायरीवर कोणी उभे करीत नव्हते. सुरुवातीच्या 14 खानावळवाल्यांनी एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज उचलले. सावकाराला वळसा घालण्याची ही पहिली वाट. पुढे मंडळाकडे बायकांची रीघ लागली.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. काम मिळण्याची आशा मावळली तसे हजारो जण गावी परतले आणि त्यांच्यासोबत कित्येक खानावळींची येणी बुडाली. अन्नपूर्णाने मग कार्यालयांना जेवण पुरवण्याची कामे धरली, वाशीला नोकरदार महिलांसाठी वसतिगृह काढले.

गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, तेव्हा कामगारांच्या वाट्याला थोडी घरे आली. 2012 साली म्हाडाने 6,925 घरांची सोडत काढली. अट अशी, की 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामगाराचे नाव गिरणीच्या पटावर असले पाहिजे. कामगाराची वारस म्हणून बाईला अर्ज करता येत होता. खानावळवाली म्हणून अर्ज करायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.