मेंडेलची दप्तरे

ब्रनोच्या संत थॉमस मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे पारखली. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला. त्याचे मोल जगाला कळले ते मात्र १९०० साली. तोवर मेंडेल निवर्तून सोळा वर्षे झाली होती, आणि १८८४ मधील त्याच्या निधनानंतर मठातील त्याच्या बहुतेक खाजगी कागदपत्रांना अग्नी दिला गेला होता. मठाधिपती म्हणून त्याने करावरून सरकारशी दीर्घ वाद घातला होता. त्या वादाची दप्तरे कोणाला हवीशी वाटावीत? त्यांच्याबरोबर बागेच्या वह्याही गेल्या.

या हानीची झळ १९३६ साली जाणवली. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने छापील आकडे तपासले आणि ते अपेक्षित प्रमाणाच्या संशय यावा इतके निकट असल्याचे दाखविले. त्याने दोष मेंडेलला नव्हे, तर कोणा मदतनिसाला दिला. हा मदतनीस मात्र कोणी पाहिलेला नाही! ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे ही बेरीज निबंधात आहे, पण झाडनिहाय तपशील केवळ दहा झाडांचा आहे. (पहिल्या झाडावर ४५ गोल, १२ सुरकुतलेले.) उरलेल्या झाडांचे दाणे कोणी, केव्हा मोजले, शंकास्पद दाणे कोणत्या रकान्यात घातले, हे वह्यांनीच सांगितले असते.

मेंडेलच्या प्रामाणिकपणाचा एक पुरावा मात्र निबंधातच आहे. शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात अपेक्षित दोनास एक ऐवजी ६० आणि ४० असे प्रमाण आले. ते खटकल्यामुळे त्याने प्रयोग पुन्हा केला. दुसऱ्या वेळी ६५ आणि ३५ आले. त्याने दोन्ही निकाल छापले. आकडे सजविणारा माणूस पहिला निकाल गुपचूप गाळतो, असे मला वाटते.

त्याच्या लेखणीचे जे थोडे उरले, त्यात म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना लिहिलेली पत्रे आहेत. नेगेली यांना वाटाण्याचे महत्त्व उमगले नाही. तरीही पत्रे त्यांच्या घरच्या कागदपत्रांत राहिली आणि १९०५ साली कोरेन्स यांनी ती प्रसिद्ध केली. हॉकवीडवरील मेंडेलच्या खटपटीचा पुष्कळसा वृत्तांत आज आपणांस त्या पत्रांतूनच मिळतो.