बाळाला उताणं झोपवा, हे आलं कुठून?

बेलव्ह्यूत बाळंतीण घरी निघाली की नर्स बजावून सांगते: बाळाला प्रत्येक झोपेला उताणं ठेवा, गादी सपाट आणि टणक हवी, जवळ उशी नको, पांघरूण नको. त्याच सुमारास पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आजी आलेली असते. तिच्या बॅगेत दुपटी, टोपडी आणि डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी असते. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" हा प्रश्न मग ठरलेलाच. आज या नियमाचा इतिहास ऐकू या. त्याची सुरुवात आपल्या शेजारी, सिॲटलमध्ये झाली.

१९६१ साली सिॲटलच्या फ्रेड आणि मेरी डोअर या दांपत्याची तान्ही मुलगी क्रिस्टीन झोपेतच गेली. त्या काळी असं घडलं की कारण सापडत नसे आणि संशय आईवडिलांवर येई. आधीच कोसळलेल्या घरात पोलिसांचे प्रश्न, शेजाऱ्यांची कुजबूज. फ्रेड डोअर राजकारणात होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९६३ साली वॉशिंग्टन राज्यात कायदा झाला: लहान मूल असं अचानक गेलं, तर सरकारी खर्चानं शवविच्छेदन व्हावं आणि ते युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांनी करावं. त्याच वर्षी या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सिॲटलला भरली.

दुसरी परिषद १९६९ साली ऑर्कस बेटावर झाली. आपण सुट्टीत फेरीनं जातो, तेच हे बेट. तिथे सिॲटलचे डॉक्टर ब्रूस बेकविथ यांनी या मृत्यूंची व्याख्या मांडली आणि 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', म्हणजे सिड्स, हे नाव रूढ झालं. नाव मिळाल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. आईवडिलांवरचा आरोप हटू लागला आणि मृत्यूंची एकसारखी नोंद होऊ लागली. आपल्यातले निम्मे लोक आयटीतले. नोंदच नसेल तर दोष शोधायचा कुठे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण या इतिहासाची एक दुखरी बाजू आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला पसरला होता. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या डॉक्टर स्पॉक यांच्या पुस्तकातही तो होता. कारण काय, तर उलटी झाली तर बाळ गुदमरेल. १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये हाँगकाँगबद्दल एक लेख आला. तिथे बाळांना उताणं झोपवण्याची रीत होती आणि असे मृत्यू फार थोडे होते. पुढे नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि ब्रिटननं सल्ला बदलला. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली तो बदलला आणि १९९४ साली 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली.

१९९० साली अमेरिकेत दर लाख जन्मांमागे सिड्सचे सुमारे १३० मृत्यू होत. २०२० साली ते ४० च्या आत आले. यातली काही घट मृत्यूची कारणं नोंदवण्याची पद्धत बदलल्यामुळेही आहे, पण मोठा वाटा झोपवण्याच्या पद्धतीचाच. २००५ साली ब्रिटिश संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की पालथं झोपवण्याचा धोका १९७० मध्येच कळू शकला असता. तेव्हा कोणी ते आकडे एकत्र मांडले असते, तर किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

आता आजीकडे वळू. आपल्याकडे बाळाला पाळण्यात उताणंच ठेवत आले आहेत. म्हणजे जो धडा पश्चिमेनं इतकी किंमत मोजून शिकला, तो आजीच्या हाताला आधीच ठाऊक होता. मालीश करताना ती बाळाला पालथं घालते, तेही योग्यच: जागेपणी, नजरेसमोर पालथं हवंच, त्यानं मान धरायला मदत होते. "उताणं ठेवलं तर दूध घशात अडकेल" ही भीती असेल, तर सांगा की उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर येते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरणं कठीण होतं. मात्र मोहरीची उशी, मऊ गोधडी आणि हीटर चालू असताना टोपडं, हे बाजूला ठेवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोपेसाठी ती नको. बाळ आईच्या खोलीत असावं, निदान सहा महिने. पण आपल्या वेगळ्या, सपाट जागी.

डेकेअरचं काय? अकरा राज्यांतल्या सिड्सच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे २० टक्के मृत्यू बाळ दुसऱ्याच्या सांभाळात असताना झाले होते. घरी रोज उताणं झोपणारं बाळ एखाद्या दिवशी अचानक पालथं ठेवलं, तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून डेकेअर निवडताना विचारा: बाळाला कसं झोपवता? पाळण्यात काय काय ठेवता? झोपलेल्या बाळाकडे किती वेळानं बघता? आणि हेच नियम बेबीसिटरला, आजी-आजोबांना, सगळ्यांना एकसारखे सांगा. बाळ कारसीटमध्ये झोपलं, तर घरी पोचताच सपाट जागी ठेवा.

डोअर दांपत्यापासून सुरू झालेलं काम अजून आपल्या शेजारी चालू आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या जॉन कहान यांचा ॲरन हा मुलगा २००३ साली सिड्सनं गेला. पुढे तिथल्याच डेटा सायंटिस्टनी सिॲटल चिल्ड्रन्सच्या संशोधकांबरोबर सुमारे दोन कोटी जन्मांच्या नोंदी तपासल्या. २०१९ साली निष्कर्ष आला: गरोदरपणी दिवसाला एक सिगारेट ओढली तरी बाळाच्या अशा अचानक मृत्यूचा धोका दुप्पट होतो.

अमेरिकेत आजही दरवर्षी सुमारे ३,५०० बाळं झोपेत अचानक जातात. नर्सनं सांगितलेलं ते एक वाक्य अशाच घरांनी आपल्यासाठी मिळवलेलं आहे. आज रात्री ते आजीलाही नीट समजावून सांगा. तिच्या पाळण्यातली अर्धी गोष्ट तिला आधीच माहीत आहे, हेही सांगायला विसरू नका.