उत्तरकालीन जपानी कला : सौंदर्यादर्शांची घडण

प्रस्तावना :
जपानी कला म्हणजे साधेपणा, संयम आणि रिक्त अवकाश, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. मुरोमाची काळापासून (१३३६–१५७३) मेईजी काळापर्यंत (१८६८–१९१२) हे आदर्श कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाबी आणि सुवर्ण :
मुरोमाची काळात झेन मठ कलेची केंद्रे बनली. सेश्शू (१४२०–१५०६) या भिक्षू-चित्रकाराने १४६७ ते १४६९ या काळात चीनचा प्रवास करून शाईच्या एकरंगी चित्रशैलीला स्वतंत्र जपानी वळण दिले. पुढे मोमोयामा काळात कानो एइतोकू (१५४३–१५९०) याने किल्ल्यांच्या दालनांसाठी सोनेरी वर्खावर भव्य चित्रे रंगविली. याच काळात चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने अवघ्या दोन चटयांची मातीच्या भिंतींची खोली उभारली. ‘वाबी’ या शब्दाचा मूळ रोख दैन्य आणि विषण्णता यांकडे होता. रिक्यूच्या परंपरेत तो सौंदर्याचा निकष ठरला. मात्र त्याचा आश्रयदाता हिदेयोशी याने १५८६ मध्ये सोन्याने मढविलेली चहाची खोली राजवाड्यात नेली होती. १५९१ मध्ये त्याच्याच आज्ञेने रिक्यूला आत्मबलिदान करावे लागले. साधेपणा आणि वैभव हे एकाच दरबाराचे दोन आदर्श होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

नगरजनांची कला :
एदो काळात (१६०३–१८६८) व्यापारी आणि कारागीर हा नवा रसिकवर्ग पुढे आला. दुःखमय जग या अर्थाचा ‘उकियो’ हा बौद्ध छटेचा शब्द आता क्षणभंगुर, म्हणूनच उपभोग्य अशा तरंगत्या जगासाठी वापरला जाऊ लागला. १७६५ च्या सुमारास बहुरंगी काष्ठठसे प्रचारात आले. होकुसाई (१७६०–१८४९) आणि हिरोशिगे (१७९७–१८५८) यांच्या निसर्गचित्रांतील निळा रंग तर युरोपातून आलेला होता.

मेईजी काळातील निवड :
१८६८ च्या आज्ञेने शिंतो आणि बौद्ध स्थाने विलग करण्यात आली. त्यानंतरच्या उद्रेकात अनेक मंदिरे उद्ध्वस्त झाली, मूर्ती विकल्या गेल्या. अशा वेळी फेनोलोसा आणि ओकाकुरा काकुझो (१८६३–१९१३) यांनी प्राचीन कलावस्तूंची पाहणी केली. १८९७ मध्ये प्राचीन मंदिरांच्या रक्षणाचा कायदा झाला. ओकाकुरांनी १९०६ मध्ये चहाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ इंग्रजीत लिहिला. वाबीचा आदर्श पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्यांचे शिष्य योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कोलकात्यास आले. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या जलरंगशैलीस नवी दिशा मिळाली.

निष्कर्ष :
वाबी आणि उकियो या दोन्ही शब्दांचा उगम दुःखात आहे. एकाने अभावाला प्रतिष्ठा दिली, तर दुसऱ्याने क्षणाला. यांपैकी एकालाच ‘जपानी आत्मा’ मानणे म्हणजे इतिहासाने केलेली निवड स्वभावधर्म म्हणून स्वीकारणे होय. कलेच्या अध्यापनात हा भेद जपणे अगत्याचे आहे.