सांभार, शिक्षा आणि मड्डमची मराठी

आम्ही सावनेरच्या बाया. आज गोष्ट सांगणार आहोत फजितीची. परक्या मुलखात जाऊन तिथली बोली बोलायला गेलं की जी फजिती होते, तिची.

सुरुवात आमच्यापासूनच करू. आमच्यातली एक जण मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. भाजीवाल्याला म्हणाली, "भाऊ, दहाचा सांभार द्या ना." तो म्हणाला, "मावशी, सांबार हॉटेलात मिळतं, इडलीसोबत." ही म्हणाली, "अहो, हिरवा सांभार!" शेजारच्या दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी हिनं बोटानं जुडी दाखवली, तेव्हा त्याला कळलं की बाईंना कोथिंबीर पाहिजे. पुढं आलू मागायची वेळ आली, तर तिथं अळूची पानं हातात पडतील या भीतीनं ती गप्पच राहिली. दोन दिवस त्या घरात बटाट्याची भाजी झाली नाही.

आपल्या नागपुरी बोलीला असं हसणं आजचं नाही. दोनशे वर्षांपूर्वीही हेच झालं होतं. विल्यम कॅरी नावाचा एक इंग्रज मिशनरी १७९३ मध्ये बंगालात आला. मायदेशी तो जोडे शिवायचं काम करत होता. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर नावाचं गाव आहे (आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे), तिथं त्याचा छापखाना होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो इंग्रज साहेबांना बंगाली, संस्कृत आणि पुढं मराठीही शिकवायचा. आता बंगालात बसलेल्या माणसाला मराठी कोण शिकवणार? त्याला भेटले वैजनाथशास्त्री, आपल्या नागपूरकडचे पंडित. त्यांच्या मदतीनं कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये शब्दकोश. १८११ मध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथाचा 'नवा करार'ही मराठीत छापून तयार झाला.

पण ही पुस्तकं मुंबईकडं गेली, तेव्हा तिथल्या लोकांना ती मराठी आपली वाटेना. तिला नागपुरी वळण होतं. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मग सगळं भाषांतर नव्यानं करायला घेतलं आणि १८२६ मध्ये आपला वेगळा 'नवा करार' छापला. म्हणजे बघा, आमच्या मैत्रिणीला पुण्यात सांभार मिळाला नाही, तसा कॅरीसाहेबालाही मुंबईत मिळाला नाही! चूक त्याचीही नव्हती आणि वैजनाथशास्त्र्यांचीही नव्हती. ज्याच्याकडून शिकलो, त्याची बोली आपल्या तोंडात बसते.

पुढं मिशनच्या कामासाठी बायकाही येऊ लागल्या. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरली. वय ३२, लग्न झालेलं नाही. त्या काळात एकट्या बाईनं सात समुद्र ओलांडून येणं म्हणजे केवढी गोष्ट! मुलींच्या शाळा काढायला ती आली होती, पण आधी तिलाच मुळाक्षरांपासून मराठी गिरवावी लागली. १८३९ पासून ती नगरला राहिली. तिची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही नगरला तिच्याकडं अध्यापनाचे धडे घेतले.

नागपुरात १८९० मध्ये डॉ. ॲग्नेस हेंडरसन ही स्कॉटलंडची डॉक्टरीण आली. पुरुष डॉक्टरांकडं न जाणाऱ्या बायांसाठी तिनं काम सुरू केलं आणि १८९६ मध्ये सीताबर्डीला मुर मेमोरियल दवाखाना उघडला. अशा नव्या आलेल्या मिशनच्या बायकांची पहिली एक-दोन वर्षं भाषा शिकण्यातच जात, आणि तिची परीक्षाही द्यावी लागे. मायदेशात डॉक्टर झालेली बाई इथं पुन्हा पाटी-पेन्सिलवर!

त्यांची अडचण कुठं होती, तेही ऐका. इंग्रजीत आपला 'त' नाही आणि आपला 'ट'ही नेमका नाही. दोन्हींच्या मधला एकच आवाज आहे, आणि आपल्या कानाला तो 'ट' ऐकू येतो. म्हणून अशी बाई नाडी बघायला 'हात दाखवा' म्हणायला गेली, की शब्द निघतो 'हाट दाखवा'. आता पेशंट बाई मड्डमला कुठला बाजार दाखवणार? 'ढ' तर त्यांच्या जिभेला वळतच नाही. 'दाढ दुखते का?' याचं सहज 'दार दुखते का?' होतं. आपल्या आज्या-पणज्या यावर पोटभर हसल्या असतील. पण हसून झाल्यावर त्यांनी 'हात' म्हणून दाखवलाही असेल. कारण त्या मड्डमला बरोबर शब्द सापडला नसता, तर दुखणं यांचंच अंगावर राहिलं असतं.

आता उलटी बाजू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावात ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथं त्या इंग्रजी शिकत होत्या, आणि ज्या भगिनी पुण्याला कामाला येणार होत्या त्यांना मराठी शिकवत होत्या. सकाळी विद्यार्थिनी, दुपारी मास्तरीण असा प्रकार. त्याच वर्षी त्या ख्रिस्ती झाल्या, पण मांसमच्छी खाल्ली नाही. अंडं घातलेलं पुडिंगही खाईनात. एवढ्याशा पुडिंगावरून तिथं बोलणी झाली, हिचा जातीचा अभिमान अजून गेला नाही म्हणून. रमाबाईंनी सडेतोड पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की एखादी इंग्रज बाई हिंदूंच्या घरी राहायला गेली आणि तिनं आपलं खाणंपिणं बदललं नाही, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर बिशपांनी हरकत घेतली. शिकायला आलेली बाई शिकवायला बसली, की लोकांना जड जातं.

हे सगळं आम्ही आज का सांगून राहिलो? कारण हीच गोष्ट आपल्या गावात घडली, आणि त्यात हसणाऱ्या आम्हीच होतो.

सावनेरपासून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर आहे. छिंदवाड्याच्या पलीकडून कितीतरी सुना आपल्याकडं येतात. त्यांची बोली हिंदी. अशीच एक नवी सून पोराच्या शाळेत पालकांच्या सभेला उभी राहिली. मोठ्या हौसेनं मराठीत म्हणाली, "आम्हाला पोराला चांगली शिक्षा द्यायची आहे. मी खूप चेष्टा करीन." हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. सभा खोखो हसली. आम्हीही हसलो. पण त्यावेळी कुणी उठून तिला 'शिक्षण म्हण बाई' असं सांगितलं नाही.

ती बसली, ती बसलीच. पुढं बचतगटात आली तरी दाराजवळ बसायची. काही विचारलं तर "ठीक आहे" एवढंच. तिला पुन्हा दिवस गेले होते. चक्कर यायची, जिना चढताना धाप लागायची. आशाताई घरी येऊन विचारायच्या, तरी ही "ठीक आहे" म्हणायची. मराठीत सांगायला गेलं की लोक हसतात, हे तिच्या मनात बसलं होतं. सातव्या महिन्यात रक्त तपासलं, तेव्हा अंगात रक्त फार कमी निघालं. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, बाळंतपण नीट पार पडलं. आज पोरगी दीड वर्षाची आहे. पण तीन महिने ती गप्प राहिली, त्यात आमच्या हसण्याचा वाटा होता, हे आम्ही मान्य करतो.

मग आम्ही काय केलं? आमच्या पुण्याला गेलेल्या मैत्रिणीनं गटात उठून आपली सांभाराची गोष्ट सांगितली. सगळ्या हसल्या, दाराजवळची तीही हसली. मग हळूच म्हणाली, "हमारे यहाँ तो इसको धनिया बोलते हैं." त्या दिवशी एका जुडीची तीन नावं आम्हाला कळली.

आता दर गुरुवारच्या बैठकीत ती आम्हाला एक हिंदी शब्द देते आणि आम्ही तिला एक मराठी. चुकलं की सगळ्या हसतो, पण बरोबर शब्द सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. तुमच्या घरी, शेजारी परमुलखातून आलेली सून असेल, तर तिला येत्या गुरुवारी घेऊन या. आणि तुमची स्वतःची एक फजितीही आठवून ठेवा, कारण सुरुवात आपण आपल्यापासूनच करणार आहोत.